साखर ३३, आणि रुग्ण गप्पा मारतोय: एका रिपोर्टचा प्रकरण अभ्यास

(रुग्ण, गाव, लॅब आणि डॉक्टर यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या प्रकरणाचे कागद नंतर तपासणीसाठी माझ्याकडे आले. त्यावरून आणि संबंधितांशी बोलून हे लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, मे महिना. साठीच्या आतबाहेरचे एक शेतकरी, त्यांना आपण काका म्हणू. दोन-तीन महिन्यांपासून थकवा, रात्री घाम, वजन उतरलेलं, जेवायला बसलं की चार घासांत पोट भरायचं. गावातल्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी ‘ताकदीचं’ सलाईन लावलं होतं, त्यात व्हिटॅमिन सी होतं. फरक पडेना म्हणून मुलाने तालुक्याच्या लॅबचं प्रोफाइल करायचं ठरवलं. एकाच रक्तात साखर, किडनी, लिव्हर, यूरिक ॲसिड आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), असं ते पॅकेज.

सकाळी सातला उपाशीपोटी घरीच रक्त घेतलं. जेलचा प्लेन बल्ब (रक्त गोठू देणारी नळी) एक आणि सीबीसीसाठी ईडीटीए बल्ब (रक्त गोठू न देणारी नळी) एक. साखरेसाठीचा फ्लोराइड बल्ब घेतलाच नाही, कारण पॅकेजमध्ये साखर सीरमवरच (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवावरच) करायची पद्धत होती. रक्त घेणाऱ्या पोराला अजून चार घरं करायची होती. सॅम्पलं लॅबला पोचली साडेदहाला, सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रात) गेली अकराला. पिशवीत बर्फ नव्हता, बाहेर ऊन तापलेलं.

अडचण

साखर आली ३३ मिग्रॅ प्रति डेसिलिटर. टेक्निशियनने शिस्तीत सगळं केलं. त्याच सीरमवर पुन्हा: ३४. १०० चं स्टँडर्ड (साखर आधीच माहीत असलेलं द्रावण) लावलं: १०१. कंट्रोलच्या (मशीन पारखायच्या तयार सीरमच्या) दोन्ही पातळ्या मर्यादेत. किटची मुदत शिल्लक, वॉटर बाथ ३७ अंशांवर. मग नियमाप्रमाणे तातडीचा फोन गेला.

डॉक्टरांनी काकांना लगेच बोलावून घेतलं. दुपारी बाराला काका मुलाच्या मोटारसायकलवरून उतरून स्वतः चालत आत आले.

“चक्कर येतेय का? हातपाय थरथरतात?”

“चक्कर नाही हो डॉक्टरसाहेब. डावीकडं पोट गच्च वाटतंय, एवढंच.”

सिस्टरांनी बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहिलं: ११२. काकांनी नऊ वाजता भाकरी खाल्ली होती, त्यामुळे ‘खाल्ल्यावर वाढली’ असा सरळ अर्थ लागला. तरी ३३ चा धसका होताच. २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली लावली. अर्ध्या तासाने ग्लुकोमीटर २३१. काकांना रात्री देखरेखीखाली ठेवलं.

घाम, अशक्तपणा आणि कमी साखर या तिन्ही गोष्टी एका कागदावर आल्या की कुणाचंही डोकं एकाच दिशेला जातं. इथेही गेलं.

३३ हा आकडा तयार होतो कसा

पुढचे निर्णय समजायचे तर किटमध्ये काय घडतं ते पाहावं लागेल. लॅबमध्ये जीओडी-पीओडी पद्धत होती. पहिलं एन्झाइम ग्लुकोज ऑक्सिडेज, अॅस्परजिलस नायजर या बुरशीतून मिळणारं. ते ग्लुकोजचं ग्लुकोनिक ॲसिड करतं आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. दुसरं एन्झाइम पेरॉक्सिडेज. ते या पेरॉक्साइडच्या जोरावर फिनॉल आणि ४-अमिनोअँटिपायरीन यांचा लालसर गुलाबी रंग बनवतं. रंग ५०५ नॅनोमीटरवर मोजायचा. जितका रंग, तितकं ग्लुकोज.

ग्लुकोज ऑक्सिडेज मोठं चोखंदळ आहे, ते ग्लुकोजचं फक्त बीटा रूप ओळखतं. रक्तात सुमारे ६४ टक्के बीटा आणि ३६ टक्के अल्फा असतं. उरलेल्या अल्फाचं बीटा होण्यासाठी थोडा वेळ किंवा किटमधलं म्युटारोटेज लागतं. पण ही अडचण पहिल्या पायरीपुरतीच. दुसरी पायरी जास्त भोळी आहे. पेरॉक्साइड कुठून आलं आणि वाटेत कुणी खाल्लं, हे पेरॉक्सिडेजला कळत नाही. व्हिटॅमिन सी, यूरिक ॲसिड, बिलिरुबिन अशी क्षपण करणारी द्रव्यं पेरॉक्साइड आधीच संपवतात. मग रंग कमी, आकडा कमी.

दुसरी पद्धत हेक्सोकायनेजची. त्यात एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) वापरून ग्लुकोजला फॉस्फेट जोडतात, मग जी-सिक्स-पीडी एन्झाइम एनएडीपीएच हे द्रव्य तयार करतं आणि ते ३४० नॅनोमीटरवर मोजतात. वाटेत पेरॉक्साइड नाही, म्हणून व्हिटॅमिन सीची लुडबूड जवळपास नाही. संदर्भ पद्धत म्हणून हिलाच मान आहे.

आता एक गंमत, जी शिकवताना बहुधा राहून जाते. हेक्सोकायनेज हे काही फक्त बाटलीतलं एन्झाइम नाही. ग्लुकोज जाळायची पहिली पायरी आपल्या रक्तपेशी त्याच एन्झाइमने करतात. बल्बमधलं रक्त पेशींसकट उभं राहिलं की मोजणी सुरू व्हायच्या आधीच पेशींचं जेवण सुरू झालेलं असतं.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम, टेक्निशियन आणि डॉक्टर यांच्यात जे बोलणं झालं, त्यात चार शक्यता होत्या.

पहिली, खरोखरच साखर कमी. इन्सुलिन बनवणारी स्वादुपिंडाची गाठ असू शकते. डॉक्टरांचा कल इकडे होता. त्यांनी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (इन्सुलिनसोबतच तयार होणारं द्रव्य) लिहून ठेवलं आणि शहरातल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे, पाठवायची तयारी केली. या आजाराच्या निदानासाठी ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवून तपासणी करतात. वजन उतरलेल्या, चार घासांत पोट भरणाऱ्या माणसाला तिथे नेऊन बसवणं कुठल्या थराला गेलं असतं, ते सांगायला नको.

दुसरी शक्यता व्हिटॅमिन सी. ही मॅडमची. बिनतोड वाटावी अशीच होती, कारण व्हिटॅमिन सी रंगाच्या पद्धतीत साखर कमी दाखवतं आणि ग्लुकोमीटरच्या अनेक पट्ट्यांमध्ये उलट जास्त दाखवतं. तिथे इलेक्ट्रोडवर त्याचं स्वतःचंच ऑक्सिडेशन होतं आणि करंट वाढतो. म्हणजे लॅबचे ३३ आणि मीटरचे ११२ अशी दोन्ही टोकं एकाच कारणाने जुळत होती.

पण इथे पाटी-पेन्सिलीचा हिशेब कामाला आला असता. ग्लुकोजचं रेणुभार १८०, व्हिटॅमिन सीचं १७६, जवळपास सारखंच. ढोबळमानाने एक मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी एका मिलिग्रॅम ग्लुकोजचा रंग खातं, असं धरू. खरी साखर शंभरच्या आसपास असेल तर ६५ मिग्रॅ दडवायला प्रत्येक डेसिलिटरमागे तेवढंच व्हिटॅमिन सी रक्तात हवं. त्याच्या एका ॲम्प्युलमध्ये साधारण ५०० मिलिग्रॅम असतं. तीन ॲम्प्युल दिली धरली आणि ती शरीरातल्या पेशीबाहेरच्या पंधराएक लिटर पाण्यात पसरली, तर डेसिलिटरला १० मिग्रॅ होतात. तेही दिल्यादिल्या, एक रात्र उलटल्यावर बरंचसं लघवीवाटे गेलेलं. हिशेब दुपटीने चुकला तरी ६५ होत नाहीत.

टेक्निशियनने रिकव्हरीचा प्रयोग (माहीत असलेली साखर मिसळून ती पूर्ण मोजली जाते का, हे पाहणं) मात्र केला. काकांचं सीरम आणि १०० चं स्टँडर्ड निम्मं-निम्मं मिसळलं. अपेक्षित ६६.५, आलं ६६. ‘रिकव्हरी पूर्ण, म्हणजे अडथळा नाही’ अशी नोंद वहीत आहे. निष्कर्ष बरोबर निघाला, पण कारण लंगडं आहे. पेरॉक्साइड खाणारं द्रव्य ठरावीक आकडा वजा करतं. मिश्रणात ते निम्मं झालं की वजाबाकीही निम्मी होते आणि उत्तर ६६.५ च येतं. असा अडथळा रिकव्हरीत दिसतच नाही. हा प्रयोग अनेक जण ब्रह्मवाक्य समजून करतात, म्हणून इथे थांबलो.

तिसरी शक्यता, यूरिक ॲसिड. काकांचं ९.४ आलं होतं. तोच हिशेब लावला तर परिणाम किरकोळ. पण ९.४ कशामुळे, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

चौथी, सॅम्पल उशिरा फिरवलं गेलं. टेक्निशियनने ती मांडली आणि स्वतःच खोडली. तापमानाप्रमाणे तासाला ५ ते ७ टक्के साखर उतरते, चार तासांत फार तर वीस-पंचवीस मिग्रॅ. शंभराचे ऐंशी होतील, ३३ कसे होतील? गणित बरोबर होतं, फक्त ते नेहमीच्या रक्ताचं होतं.

काय केलं

ठरलं असं की दुसऱ्या दिवशी नवं सॅम्पल फ्लोराइड बल्बमध्ये घ्यायचं आणि जिल्ह्याच्या लॅबमधून हेक्सोकायनेजने खात्री करायची.

सकाळी साडेसहाला वॉर्डात ग्लुकोमीटर १०७. त्याच वेळी शिरेतून दोन फ्लोराइड बल्ब. एक नऊ वाजता तालुक्याच्या लॅबला पोचला: ६१. दुसरा गाडीने जिल्ह्याला गेला आणि दुपारी उत्तर आलं: ५८.

या प्रकरणातला सगळ्यात निसरडा क्षण हाच. दोन लॅब, दोन वेगळी एन्झाइमं, दोन वेगळ्या तरंगलांब्या आणि फरक फक्त ३ चा. ग्लुकोमीटर एकटा पडला. शिवाय काकांचं हिमोग्लोबिन डोळ्यांनाही कमी दिसत होतं, आणि पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा वाटा) कमी असला की मीटर जरा जास्तच दाखवतो हे सगळ्यांना पाठ. ‘मीटरचं काय घेऊन बसलात’ हे वाक्य त्या दिवशी दोनदा उच्चारलं गेलं, असं सिस्टर सांगतात. इन्सुलिनच्या सॅम्पलची तयारी सुरू झाली.

दोन्ही लॅबनी जे मोजलं ते अचूकच होतं. बल्बमध्ये तेवढंच ग्लुकोज उरलं होतं. फ्लोराइड ग्लायकोलिसिस (पेशींनी ग्लुकोज मोडण्याची साखळी) थांबवतं खरं, पण ते अडवतं इनोलेज या अगदी खालच्या पायरीला. वरची हेक्सोकायनेजची पायरी त्यानंतरही चालू राहते. पूर्ण परिणाम यायला एक-दोन तास, कधी चार तासही जातात. त्यानंतर साखर स्थिर राहते, म्हणूनच नऊचं आणि दुपारचं उत्तर इतकं जुळलं. जेवढी जायची ती सुरुवातीलाच गेली होती.

वळण आलं ते दुपारी, रॅक धुवायला काढताना. टेक्निशियनने सकाळचा फ्लोराइड बल्ब उजेडासमोर धरला. खाली लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये दुधावरच्या सायीसारखा करड्या-पांढऱ्या रंगाचा जाड थर. एरवी ही रेघ शोधावी लागते; इथे ती तीन-चार मिलिमीटर होती.

मग आदल्या दिवशीच्या सीबीसीची शोधाशोध झाली. तो रिपोर्ट अडकूनच होता. सेल काउंटरने पांढऱ्या पेशींच्या जागी आकडा न देता मर्यादेबाहेरची खूण दिली होती, आणि हिमॅटॉलॉजीच्या टेबलावरच्या मुलीने ‘डायल्यूट करून लावणे’ अशी चिठ्ठी लावून बल्ब बाजूला ठेवला होता. बायोकेमिस्ट्रीचं टेबल तिथून चार पावलांवर. चौपट पातळ करून लावल्यावर आकडा आला: पांढऱ्या पेशी २,७६,०००. हिमोग्लोबिन ९.४. लिशमन स्टेन केलेल्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरून रंगवलेल्या रक्तात) मायलोसाइट, मेटामायलोसाइट अशा कच्च्या पांढऱ्या पेशी, वाढलेले बेसोफिल, सगळ्या वयाच्या पेशींची गर्दी.

नेहमीच्या रक्तात पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असतात. त्या तांबड्या पेशींपेक्षा किती तरी जास्त साखर खातात, आणि इथे त्या पंचवीस-तीसपट होत्या. तासाला ५ ते ७ टक्क्यांचा नियम इथे लागू नव्हता.

मॅडमनी डॉक्टरांना फोन करून इन्सुलिनची तपासणी थांबवली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतः टेक्निशियनसोबत वॉर्डात गेल्या. हॉस्पिटलचं छोटं सेंट्रिफ्यूज आधीच सुरू करून ठेवलं. एकाच टोचण्यात तीन बल्ब भरले.

हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणारा) बल्ब लगेच फिरवून दहा मिनिटांत प्लाझ्मा वेगळा काढला: ९८.

फ्लोराइडचा बल्ब भरल्याभरल्या आठ-दहा वेळा उलटासुलटा करून बर्फाच्या पाण्यात ठेवला, दोन तासांनी मोजला: ९३.

प्लेन बल्ब दोन तास रॅकमध्ये तसाच ठेवला: ४४.

तिन्ही आकडे त्याच जीओडी-पीओडी किटवरचे, त्याच मशीनवरचे. ग्लुकोमीटर त्या वेळी १०५.

निष्पत्ती

साखरेचा आजार नव्हताच, ना कमीचा ना जास्तीचा. डावीकडचं गच्च पोट म्हणजे वाढलेली प्लीहा होती. घाम, उतरलेलं वजन आणि यूरिक ॲसिडही त्याच घरचे. काकांना हिमॅटॉलॉजिस्टकडे (रक्तविकारांच्या तज्ज्ञाकडे) पाठवलं. बीसीआर-एबीएल ही जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह आली, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालं आणि त्यावरचं औषध इमॅटिनिब सुरू झालं. पेशी नऊ हजारांवर आल्यानंतरच्या एका भेटीत नेहमीच्या फ्लोराइड बल्बमधली साखर ९५ होती आणि मीटरवर ९९. भांडण मिटलं.

आधीच्या रिपोर्टचं काय करायचं यावर लॅबमध्ये वाद झाला. एकाचं म्हणणं, आकडे बरोबर मोजले आहेत, मग बदलायचे कशाला. मॅडमनी सुधारित रिपोर्ट काढला: ३३, ६१ हे आकडे तसेच दाखवून, ‘बल्बमध्ये पेशींनी ग्लुकोज वापरल्यामुळे कमी, रुग्णाची पातळी म्हणून वापरू नये’ असा शेरा दिला. माझ्या मते हेच योग्य. आकडा गुपचूप काढून टाकला असता तर पुढच्या डॉक्टरांना जुन्या फाइलमधला ३३ कधीतरी सापडलाच असता, तोही शेऱ्याविना.

कुठे वेगळं करता आलं असतं

डेक्स्ट्रोज दिलं याबद्दल डॉक्टरांना बोल लावणार नाही. ३३ चा फोन आल्यावर थांबून विचार करत बसणं धोक्याचं. पण बाटली जोडण्याआधी शिरेतून दोन मिली रक्त काढून तिथेच फिरवलं असतं तर प्रकरण बाराच्या ठोक्याला संपलं असतं. सलाईन लावताना सुई शिरेत असतेच. ११२ च्या मीटरला ‘भाकरी खाल्ली’ म्हणून उडवून लावलं तेही घाईचं होतं. सातला ३३ असलेला माणूस नऊपर्यंत स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खातो आणि मोटारसायकलवरून येतो, हे आधी पटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशीचा निर्णय मला जास्त खटकतो. शंका मशीनवर होती म्हणून मशीन बदललं, पद्धत बदलली, गाव बदललं. रक्त शरीरातून निघाल्यापासून पेशींपासून वेगळं होईपर्यंतचा वेळ तेवढा बदलला नाही. कंट्रोलचं सीरमही इथे काही सांगू शकत नव्हतं, कारण त्यात पेशीच नसतात. लेव्ही-जेनिंग्ज चार्टवरचे (कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायच्या तक्त्यावरचे) सगळे ठिपके मधल्या रेषेलगत असताना ही चूक आरामात घडते. जीओडी-पीओडी की हेक्सोकायनेज, हा वाद व्हिटॅमिन सी किंवा काविळीच्या सीरमसाठी जरूर घालावा. बल्बमध्ये साखर उरलीच नसेल तर दोन्ही एन्झाइमं सारखंच उत्तर देणार.

पॅकेजमध्ये सीरमवर साखर करणं ही खरी जुनी खोड. एक बल्ब वाचतो, टोचणं तेवढंच, हिशेब सोपा. काकांचं उदाहरण टोकाचं म्हणून नजरेत आलं. एरवी १३० उपाशीपोटी साखर असलेला माणूस दोन तास न फिरवलेल्या बल्बमध्ये ११५ च्या आसपास येतो. मधुमेहाची रेघ १२६ ला आहे. तो माणूस ‘अजून मधुमेह नाही’ ऐकून घरी जातो, आणि अशा चुकीचा फोन कुणालाच येत नाही. रक्त बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करावा, जमत नसेल तर सायट्रेट असलेला फ्लोराइड बल्ब वापरावा, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. सायट्रेटची आम्लता हेक्सोकायनेजच्या पायरीलाच लगेच लगाम घालते.

त्या लॅबने पॅकेजमधली सीरमवरची साखर बंद केली. फ्लोराइड बल्ब सक्तीचा, भरल्यावर उलटासुलटा करणं सक्तीचं, आणि बल्बवर रक्त घेतल्याची वेळ लिहिलेली नसेल तर साखर लावायची नाही. खेड्यांची फेरी उलटी केली: लांबचं घर आधी, लॅबजवळचं शेवटी, आणि वाटेतल्या उपकेंद्रावर एक छोटं सेंट्रिफ्यूज. सायट्रेटचे बल्ब महाग पडतात, म्हणून सध्या फक्त गरोदर बायकांच्या ग्लुकोज तपासणीसाठी ठेवले आहेत. सगळ्यांसाठी आणायचे की नाही यावर मालक आणि मॅडम यांचं अजून जुळलेलं नाही. सीबीसीच्या टेबलावर पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर गेल्या तर त्या रुग्णाचा बायोकेमिस्ट्रीचा रिपोर्ट थांबवायचा, असा नियम संगणकात घातला आहे. पोटॅशियमही त्यात धरलं आहे, कारण रक्त गोठताना इतक्या पेशी फुटल्या की तेही खोटं वाढतं.